खोडी नक्की कुणाची?

परवा भाची तणतणत आली, "मामा, दादाने माझी खोडी काढली!" झालं होतं एवढंच की त्याने तिच्या पेनातली रिफिल काढून पेन जसंच्या तसं बंद करून ठेवलं होतं, आणि ही बिचारी पाच मिनिटं कागदावर गिरवत बसली. मी तिची समजूत काढायच्या ऐवजी तिच्या वाक्यातच अडकलो (ही माझी जुनी खोड). खोडी केली त्याने, डोकं चालवलं त्याने, मग ती "माझी" खोडी कशी काय?

पण मराठीत ते असंच आहे. खोडी सुचते एकाला आणि काढली जाते दुसऱ्याची. मस्ती एकट्याने गादीवर उड्या मारूनसुद्धा करता येते, खोडीला मात्र समोर कुणीतरी चिडणारं लागतंच. कळ काढणं, कुरापत काढणं, सगळीकडे हेच "काढणं" आहे बघा, जणू ती गोष्ट समोरच्याच्या आत आधीच होती आणि आपण फक्त बाहेर काढली. कुरापतीत भांडण उकरायचा हेतू असतो म्हणून ती देशादेशांच्या बातम्यांत शोभते, सीमेवर कुणी खोड्या काढल्या असं कुणी म्हणत नाही.

खोडकर आणि खोडसाळ यात तर जमीन-अस्मानाचा फरक. खोडकर म्हणताना आपण अर्धे हसत असतो, खोडसाळ म्हणताना अजिबात नाही. अफवा खोडसाळ असते, खोडकर अफवा कधी ऐकलीय? पोराने रिफिल लपवली तर खोडकर, ऐन परीक्षेच्या सकाळी लपवली असती तर मी दुसरा शब्द वापरला असता.

आणि व्रात्य! संस्कृतात ज्याची मुंज वेळेत झाली नाही तो व्रात्य, मनुस्मृतीत त्यासाठी १६, २२ आणि २४ वर्षं अशी वर्णानुसार मुदत दिलीय, अथर्ववेदाचं अख्खं १५ वं कांड व्रात्यावर आहे आणि तिथे तर त्याची स्तुती आहे. मराठीत येईपर्यंत तो शेंडी ओढून पळणारा पोरगा झाला.

भाच्याला विचारलं, का रे काढलीस तिची खोडी? तर म्हणे, "ती चिडते ना म्हणून."