दाव्याची गाठ

रविवार, रात्रीचे साडेअकरा

संध्याकाळपासून पाऊस एकसारखा लागलाय. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर पोचली, म्हणजे इशारा पातळी. धोक्याची पातळी ४३. घरातल्या आजाऱ्याचा ताप विचारावा तसे कोल्हापुरात पावसाळ्यात हे आकडे विचारतात. मी तर दर तासाला बघतोय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी नदीकाठच्या चिखलीत, गावच्या घरी होतो. दोन म्हशी टेम्पोतून उंचावर, सोनतळीला पोचवल्या होत्या. तिसरी गाभण होती, ती फळीवर पायच ठेवेना. अंधार पडायला लागला तसं आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला. पर दावं सोडून ठेव. आलंच पाणी तर पवून निघंल." मी हो म्हणालो. गोठा घरामागं, फार तर वीस पावलांवर. मी माळ्यावर मोबाईल घेऊन पडलो होतो आणि मनात हिशेब तयार होता: २००५ ला पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं. सकाळी बघू.

सकाळी बोटीत चढताना गोठ्याचे फक्त पत्रे दिसत होते.

पाणी ओसरल्यावर तिच्या गळ्यातलं दावं मीच काढलं. गाठ सुटेना. भिजून, ताणून दगडासारखी झाली होती. शेवटी विळ्यानं कापली.

आबा तेव्हाही म्हणाले आणि अजून म्हणतात, "तिचं तेवढंच हुतं. देवाच्या मनात आलं, तितं तू काय करणार?" मला सावरायलाच म्हणतात, हे कळतं. पण ते ऐकलं की माझी ती वीस पावलंच कुणीतरी पुसून टाकल्यासारखी वाटतात. मी ती चालू शकत होतो.

इथले माझे घरमालक जैन आहेत. दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्र या त्यांच्या धर्मग्रंथाचा एक अध्याय, असे दहा दिवसांत दहा अध्याय ऐकतात. एका वर्षी सातव्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर बसलो होतो. तेव्हा ते सूत्र कानावर पडलं: प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा. गाफीलपणाच्या योगानं प्राण जाणं म्हणजे हिंसा. जपून चालणाऱ्याच्या पायाखाली नकळत जीव गेला, तर त्याला तो दोष लागत नाही, असंही तिथं समजावून सांगितलं. मारायची इच्छा मला कुठं होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. तिथं तो प्रश्नच नव्हता. तू जपलास का, एवढाच प्रश्न होता. मी मान खाली घालून बसलो. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझ्या दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळालं होतं.

पराशरस्मृती या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात तर याची मोजणीच आहे. गाय कोंडल्यामुळं मेली तर पाव प्रायश्चित्त, बांधल्यामुळं मेली तर अर्धं, जुंपल्यामुळं मेली तर पाऊण, मारली तर पूर्ण. ते गायीबद्दल आहे, म्हशीबद्दल नाही. तरी बांधल्याचं अर्धं, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. उरलेलं अर्धं कुणाचं? नदीचं? पावसाचं? मला ते कुणाला द्यावंसं वाटेना.

आज पुन्हा गीता काढली. चौदाव्या अध्यायात तमोगुणाबद्दल म्हटलंय, 'प्रमादालस्यनिद्राभिः तन्निबध्नाति'. गाफीलपणा, आळस आणि झोप यांनी तो बांधतो. बांधतो! म्हणजे त्या रात्री ती खाली गोठ्यात बांधलेली आणि मी वर माळ्यावर. इथं मला धडकी भरली. मीही बांधलेला असेन, तर मग आबांचंच खरं.

अठराव्या अध्यायातही तोच पेच आहे. एकसष्टावा श्लोक म्हणतो, ईश्वर सगळ्या भूतांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो. आणि मध्ये एक श्लोक सोडून त्रेसष्टाव्यात तोच कृष्ण अर्जुनाला सांगतो, नीट विचार कर आणि 'यथेच्छसि तथा कुरु', तुला हवं तसं कर. यंत्रावर बसलेल्याला कोण असं सांगेल? टीकाकारांनी हे दोन्ही जुळवलंय, आणि मी ते आदरानं वाचलंय. पण माझं मन दरवेळी त्रेसष्टाव्यापाशीच थांबतं. तिथं अर्जुनाला विचार करायला वेळ दिलाय. मलाही दिला होता. दिवेलागणीपासून झोप लागेपर्यंत तीन तास तरी होते. माझं दावं तेव्हा सैल होतं, एका हातानं सुटणारं. 'सकाळी बघू' म्हणालो तेव्हा ते मीच आवळलं.

म्हणून हे ओझं कुणी देवाच्या नावावर टाकायला लागलं की मला नको वाटतं. ते उतरवलं तर तिला सोडू शकणारा मीही त्याबरोबर जाईन.

आत्ताच आबांना फोन केला. झोपेतून उठले.

"जनावरं सोडली का?"

"सोडलीत रं कवाच. नीज आता."

"सगळी?"

"सगळी."

"आबा, एकदा बघून या."

काही बोलले नाहीत. फोन तसाच चालू ठेवून उठले. कडी काढल्याचा आवाज आला, मग पत्र्यावरचा पाऊस, मग त्यांची पावलं. मी कानाला फोन लावून ती मोजत बसलोय.