सुरात नाही म्हणे

जूनमध्ये धाकट्याला पेटीवर गाणं शिकायच्या क्लासला घातला आणि चतुर्थीच्या चार दिवस आधी तिथल्या बाईंनी मला दारातच हळूच सांगितलं, "मुलगा गुणी आहे हो, पण सुरात नाही." म्हणजे काढा असं नाही म्हणाल्या, ठेवा असंही नाही, मधेच कुठेतरी सोडून दिलं, आणि फी तर वर्षाची भरलेली. मुलगा सात वर्षांचा. तो बाजूला उभा राहून चपलेच्या पट्ट्याने फरशीवर टक टक करत होता, त्याला कळलं की नाही देव जाणे.

मला मात्र ते असं काही लागलं की स्कूटरवर घरी येईपर्यंत डोळ्यात पाणी. कारण ह्याच्यापेक्षा थोडी मोठी असताना चिपळूणकडच्या आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या समूहगीतात मला पहिल्या रांगेत उभं केलं होतं (उंची कमी, दुसरं काही कारण नाही) आणि आदल्या दिवशी सांगितलं, तू नुसते ओठ हलव. मी हलवले. तेव्हापासून आजतागायत मी फक्त मिक्सर चालू असताना गाते. गंमत म्हणजे त्याच गावात गणपतीत जाखडीवाले आले की माझे पाय आपोआप चालायचे, मधे ढोलकीवाला आणि बुवा, भोवती गोल फिरणारे पायात चाळ बांधलेले नाचे, ठेका बदलायच्या आधीच मला कळायचं की आता बदलणार. पण ते कुणी विचारलंच नाही. शाळेत तर सगळी परीक्षा गळ्याचीच.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय गो, तोंड असा कित्याक केलंस?" सांगितलं. त्या नारळ सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "गाता कसो ता सोड गो, आयकता कसो ता बघ."

आणि मला मे महिना आठवला. आमच्या मागच्या परड्यात फणस आहे, सासूबाई काठीने किंवा बोटाच्या पेराने फणस वाजवून बघतात, कच्चा असेल तर आवाज टणक येतो, तयार झाला की भद्द, पोकळ. मला इतकी वर्षं झाली लग्न होऊन, मला अजून दोन्ही सारखेच ऐकू येतात. ह्या कार्ट्याने यंदा एकदा त्यांच्यामागून फिरून वाजवलं आणि म्हणाला, "आजी, ह्यो नाय, पलीकडचो." पलीकडचा उतरवला, दोन दिवसांत घरभर वास. ह्याला संगीत म्हणायचं का? बाई नाहीच म्हणतील. पण दोन आवाजांतला बारीक फरक ओळखणं, तो लक्षात ठेवणं आणि पुढच्या वेळी वापरणं, ह्यापेक्षा पेटीसमोर बसून आपण वेगळं काय करतो, मला तरी सांगता येणार नाही.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसले. 2009 मध्ये हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवून त्यांच्या मेंदूतले सिग्नल मोजले होते, आणि मधेच त्या ठेक्यातला पहिला, जोराचा ठोका गाळला. म्हणजे आपल्या भाषेत समेचा ठोका खाल्ला. बाळं झोपेतच राहिली पण मेंदूला कळलं, काहीतरी चुकलं. हे वाचून मला दशावतारच आठवला. जत्रेत पोरं संकासुर बघून घाबरून-हसून झाली की तासाभरात आयांच्या मांडीवर आडवी, राजाची आणि राक्षसाची लांबलचक बोलाचाली चालू असते तेव्हा घोरतात, आणि पेटी थांबून पखवाज आणि झांज युद्धाला लागली की ताडकन उठून बसतात. आवाज वाढला म्हणून उठतात असं मला वाटायचं, पण नाही, भोंगा वाजला तरी ही पोरं उठत नाहीत.

त्याच वर्षीचं आणखी एक आहे, ते तर मला फारच आवडलं. नुकत्याच जन्मलेल्या फ्रेंच आणि जर्मन बाळांचं रडणं रेकॉर्ड केलं, तर फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुतेकदा वर चढत जातो आणि जर्मन बाळांचा वरून खाली उतरतो, त्या त्या भाषेच्या चालीसारखा. पोटात असताना शेवटचे तीनेक महिने आईच्या बोलण्याची चाल ऐकून ऐकून. आता मालवणी बाळांचं कुणी मोजलं तर काय निघेल, शेवटचं अक्षर ओढून ओढून रडत असणार, "आवशीऽऽ" सारखं.

आणि मग आपण ह्याच पोरांना सात वर्षांनी क्लासला घालून विचारतो, ह्याला संगीताचं अंग आहे का. खरंच सूर कळत नाही अशी माणसं असतात, नाही असं नाही, त्याला अम्युझिया म्हणतात, पण ती 100 मध्ये एक-दोन. जपानमधले व्हायोलिन शिकवणारे शिनिची सुझुकी, त्यांची सगळी पद्धत एका साध्या गोष्टीवर उभी आहे की जपानमधलं प्रत्येक मूल जपानी बोलतं. कुणी म्हणत नाही की ह्याला मातृभाषेचं अंग नाही, आपण ह्याला दुसरं काहीतरी शिकवूया. सुझुकींचं वाचताना मला आमच्या आरत्या दिसायला लागल्या.

कारण इकडे गणपतीत कुणाची ऑडिशन होत नाही. वाडीतली सगळी पोरं एका घरातून दुसऱ्या घरी आरत्यांना पळतात, झांज एकच असते आणि ती धरायला मारामारी, ज्याला मिळत नाही तो ताट वाजवतो, ज्याला ताट नाही तो टाळ्या. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ. चाकरमानी काका आरती एका चालीत उचलतात, गावातले दुसऱ्या. पाचव्या दिवसापर्यंत 'घालीन लोटांगण' ज्या स्पीडला जातं तिथे पाच वर्षांचं पोर पण बरोब्बर थांबतं. कोणी शिकवलं? कोणीच नाही, नाहीतर सगळ्यांनीच.

यंदा भजन आमच्याकडे होतं. वाटाण्याची उसळ, पाव, चहा असा सगळा बेत, मी आत-बाहेर करत होते, आणि भजन सुरू व्हायच्या आधी बुवांना मी उगाच, लागलेलंच होतं ना मनाला, म्हटलं की ह्याला क्लासमध्ये सुरात नाही म्हणाले. बुवांनी त्याला पेटीजवळ बसवला. "बाई खंयच्या पट्टीत घेतत?" काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी), मी म्हटलं, एवढं मला माहीत होतं. त्यांनी काळी चारचा सा दिला, ह्याने लावला, घरघर झाली नुसती. मग त्यांनी बोट वर नेऊन पुढची पांढरी दोन धरली. पोराने लावला की. सा ते प सरळ गेला, त्याच्यावर फाटला.

"पट्टी बायकांची आसा ती, ह्यो सा तेच्या गळ्याच्या खाली रवता," बुवा म्हणाले. "झिलाक काय झाला नाय. पाच सूर गावले, आणि काय व्हया?" नंतर बघितलं तर खरंच, एवढ्या लहान मुलांचा आरामात लागणारा गळा पाच-सहा सुरांचाच असतो, आणि तो बायकांच्या सा पेक्षा वर सुरू होतो. म्हणजे दोन महिने हे पोर दुसऱ्याच्या मापाचा शर्ट घालून उभं होतं.

तुम्हाला वाटेल आता मी खूश झाले. झालेच, खोटं कशाला बोलू. पण थोडी लाजही वाटली, कारण सूर लागला म्हणून मी खूश झाले, आणि समजा नसता लागला तर? फणस तर त्याने आधीच ओळखला होता. तेव्हा मी कुणालाही फोन करून सांगितलं नव्हतं.

बाकी त्याचं ह्या सगळ्यात लक्षच नव्हतं. तो पेटीवरून उठला आणि पखवाजवाल्या काकांच्या मांडीला चिकटून बसला, कारण ते पखवाजाच्या डाव्या बाजूला, धुम्यावर, ओली कणीक लावत होते. तो गोळा हळूहळू पसरून, थाप मारून, थोडी काढून, परत थाप मारून. कणीक लावली की आवाज खाली उतरतो, जड होतो. पुढचे तीन तास भजन झालं, गजर झाला, गवळण झाली, बाकीची पोरं उसळीपाशी, आणि हा तिथेच, तोंड उघडं टाकून. गायला नाही एक अक्षर. कोरसलाही नाही.

क्लासचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. बाईंना पट्टीचं सांगायला हवं, पण कसं सांगायचं, त्या विशारद आणि मी ओठ हलवणारी.

परवा पोळ्यांची कणीक मळून झाकून ठेवली आणि दहा मिनिटांनी येऊन बघते तर एक गोळा गायब. हा मागच्या पडवीत, पोह्याचा रिकामा स्टीलचा डबा उलटा मांडून त्याच्या बुडावर कणीक थापून बसलेला. मी ओरडणार तेवढ्यात म्हणाला, "आई थांब ना, जास्त झाली." नखाने वाटाण्याएवढी काढली, थाप मारली, कान लावला, परत एवढीशी चिकटवली. मी कमरेवर हात ठेवून उभी. मला फरक कळला नाही.

पोळी एक कमी पडली त्या दिवशी, आणि डबा अजून घासायचा राहिलाय, तो घासू देत नाही.