घर शहरात की गावाकडे?

घर कुठे घ्यायचं, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. नवऱ्याला गावाकडचं अंगण हवंय, मोकळी हवा हवीय. मलाही हवीय. पण माझ्या डोक्यात सतत बाबा असतात. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. मेंदूत गुठळी होऊन पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन. म्हणजे नुसता दवाखाना जवळ असून भागत नाही, मध्यरात्रीही स्कॅन होईल असं हॉस्पिटल लागतं.

गावाकडचं घर बघायला गेलो, तेव्हा बाबा थेट विहिरीपाशी गेले. वाकून पाणी बघितलं आणि शेजाऱ्यांना विचारलं, "उन्हाळ्यात किती उरतं?" शहरातल्या फ्लॅटमध्ये मात्र गॅलरीत नुसते उभे राहिले, काही बोलले नाहीत. ते मला फार लागलं.

शाळा, ऑफिसचा प्रवास हे जमवता येईल. म्हणून मी आता शहराच्या कडेचं घर लावून धरलंय. मोठं हॉस्पिटल अर्ध्या तासात गाठता यावं आणि दारात झाडं लावण्याइतकी जमीन असावी. खोल्या कमी असल्या तरी चालतील. रविवारी तिकडची घरं बघायला बाबांनाही नेणार आहे.