धाकट्याच्या पावलांनी

डोंगरावर जायचं ठरलं की आमच्या घरात आदल्या रात्री नकाशा पसरला जातो. अंतर किती, चढ किती, अंधार पडायच्या आत खाली यायचं तर निघायचं कधी, असा सगळा हिशेब थोरली मांडते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला आडाखा तिला तोंडपाठ आहे: दर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. आम्ही दोघंच भटकायचो तेव्हा या हिशेबात चोख बसायचो. आता ११ वर्षांची थोरली, ६ वर्षांचा धाकटा आणि ६८ वर्षांचे माझे बाबा बरोबर असतात. ६ किलोमीटर वाट आणि ५०० मीटर चढ म्हणजे आडाख्याप्रमाणे साधारण २ तास. आम्ही सरळ ४ धरतो, आणि ४ लागतातच.

धाकटा सगळ्यांच्या पुढे चालतो. आधी तो शेवटी असायचा. आम्ही वर जाऊन त्याची वाट बघत बसायचो आणि तो धापा टाकत पोचला की ‘चला’ म्हणून उठायचो. म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज त्यालाच ती मिळत नव्हती. हे लक्षात यायला दोन सहली गेल्या, याचं मला अजून वाईट वाटतं. आता तो जिथे थांबेल तिथे सगळे थांबतात. मुंग्यांची रांग दिसली की दहा मिनिटं गेलीच म्हणायची.

गेल्या वेळी माथा जेमतेम वीस मिनिटांवर राहिला होता. सोंडेवरून चालत होतो, दोन्ही बाजूंना दरी, आडोसा कुठेच नाही. सकाळपासून स्वच्छ असलेल्या आभाळात पश्चिमेकडून ढग चढत गेले आणि त्यांच्या पोटात वीज लखलखली. मी आकडे मोजायला सुरुवात केली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की किलोमीटर मिळतात. पहिल्यांदा २७ आले. पुढच्या विजेला धाकट्यानेच मोजले, मोठ्याने, बोटं धरून: १८.

“सहा किलोमीटर,” थोरली म्हणाली. आणि लगेच, “आई, वीसच मिनिटं आहेत गं. पळत जाऊन येऊ.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नुसती मान हलवली. परत फिरायचं. एवढ्या अंतरावरूनही वीज पडू शकते, आणि त्या सोंडेवर सगळ्यात उंच आम्हीच होतो. थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. महिनाभर तिने त्या माथ्याची वाट पाहिली होती. तिला समजावत बसायला वेळ नव्हता. मी तिचा हात धरला आणि वळले.

बाबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी धाकट्याला दगडावर बसवलं. “टाच आपट,” म्हणाले. त्याने बुटाची टाच जमिनीवर आपटली, पाय मागे सरकून घट्ट बसला. मग बाबांनी घोट्यापाशी नाडीला एक पीळ दिला, त्यावर दुसरा, ताणून धरला आणि वर गाठ मारली. बोटं थरथरत होती, तरी गाठ घाईत मारली नाही. मग दुसरा बूट. मला एकेक क्षण जड जात होता. पण पुढची वाट घसाऱ्याची होती. नाडी सैल असती तर पाय बुटात पुढे सरकत राहिला असता, नखं आपटली असती आणि धाकटा अर्ध्या वाटेत बसला असता. खाली येईपर्यंत तो एकदाही ‘बूट चावतोय’ म्हणाला नाही.

झाडी लागायच्या आत आकडा ९ वर आला होता. पाऊस कोसळायला लागला. एकट्या उंच झाडाखाली न थांबता आम्ही तसेच भिजत उतरलो आणि गाडीत बसून दारं लावून घेतली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणीही उतरायचं नाही, असं नवऱ्याने बजावलं. काचांवर वाफ धरली. थोरली आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकून गप्प बसली होती. बऱ्याच वेळाने तिने वही काढली आणि ओल्या बोटांनी लिहिलं: २७, १८, १२, ९. माथ्याबद्दल तिने काहीच लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

परवा रात्री घरी ढग गडगडत होते. धाकटा अंधारात आमच्या खोलीत आला, माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “आई, एकवीस.” मी म्हटलं, “म्हणजे किती?” त्याने जरा विचार केला, “सात” म्हणाला आणि पांघरुणात शिरून झोपला.