एकाच नाण्यावर दोन राजे

आमचं दुकान नाशिकच्या सराफ बाजारात. दिवाळीच्या तोंडावर मोड घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. त्यातच सिन्नरकडच्या एक मावशी देवघरातली जुनी चांदी घेऊन आल्या. वाकलेली निरांजनं, फुटका करंडा, जोडव्यांचे तुकडे आणि त्यात एक काळं पडलेलं चिमुकलं नाणं.

"दादा, हे पण आटवून टाका. सासूबाई पूजत होत्या, पण त्याच्यावर धड काही दिसत नाही."

काट्यावर ते दोन ग्रॅमच्या जरा वर भरलं. आत मूस तापली होती. सवयीने नाणं भिंगाखाली धरलं आणि कारागिराला ओरडून सांगितलं, थांब.

मधोमध तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ. त्या डोंगराआडून माणसाचं नाक, ओठ आणि मानेवरचे केस डोकावत होते. कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे, खाचांत वर्षानुवर्षांचं कुंकू. मागे फुलीने जोडलेली चार वर्तुळं आणि त्यांच्याखालून निघालेलं बाणाचं टोक. नाणं झिजलेलं नव्हतंच. नहपान राजाच्या नाण्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारला होता.

मावशींना स्टुलावर बसवलं आणि गिऱ्हाइकं खोळंबली तरी सगळं सांगितलं. नहपान हा शक क्षत्रप, म्हणजे शकांचा प्रांताधिपती राजा, क्षहरात घराण्यातला. त्याचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात त्याचा लेख आहे : गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, 3,000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव, त्यातले 2,000 दरमहा शेकडा एकाने, 1,000 पाऊण टक्क्याने, व्याज भिक्षूंसाठी. सराफाच्या घरात वाढलेल्या मला तो लेख आपल्या खतावणीचं पान वाटतो. पुढे गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला. उषवदाताच्या ताब्यातलं शेत त्याने भिक्षूंना दिलं, तो लेख 3 क्रमांकाच्या लेण्यात. त्याच लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री मुलाला 'खखरातवसनिरवसेसकर' म्हणते, म्हणजे क्षहरातांचा वंश निःशेष करणारा.

1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, आणि त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर हाच नवा ठसा.

एवढी चांदी आटवून नवी नाणी पाडता आली असती. गौतमीपुत्राने तसं केलं नाही, आणि मला त्यात मोठी समज दिसते. चांदी तीच, वजन तेच, त्यामुळे बाजार अडला नाही. आणि नाणं हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कोण गेला, कोण आला हे एकदम कळलं. जुना चेहरा पुरता पुसला असता तर हे कळलं नसतं. विजयाचं याहून बोलकं स्मारक नाणं मला माहीत नाही.

मावशी बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. "म्हणजे सासूबाई दोन राजांना कुंकू लावत होत्या!"

अशी बनावट नाणीही पुष्कळ फिरतात, म्हणून अस्सल असल्याची खात्री मी दिली नाही. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे दाखवा म्हटलं. चिंचेने, राखेने घासू नका आणि कोणी किंमत सांगितली तरी लगेच देऊ नका, हेही बजावलं. बाकीच्या मोडीचे पैसे चुकते केले, नाणं कागदी पुडीत बांधून त्यांच्या हातात दिलं. भाच्याला घेऊन अंजनेरीला जाते म्हणाल्या.

कारागिराला सांगून ठेवलंय, मोडीत नाणं आलं, केवढंही असो, मला दाखवल्याशिवाय मुशीत टाकायचं नाही.