तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं होऊनही हंडे का ठेवलेत?

माझ्या बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करायचे मातीचे हंडे आहेत. त्यांचा वास येतो का, या प्रश्नाला उत्तर देणं मी सोडून दिलंय. दारातच उभं राहून, नाक किंचित वर करून विचारणाऱ्याला सांगायचं तरी काय? या आत, ड्राय बाल्कनीत या, झाकण उघडते, घ्या वास. आजवर कुणी आलं नाही. करात सवलत मिळते का, हाही नेहमीचा प्रश्न. गांडूळखत केलं की मिळकतकरात सूट मिळते, हे लोकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. मी कधी मागितली नाही, विषय संपला.

उरतो तिसरा प्रश्न. लिफ्टमध्ये, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, आणि आता तर सोलापूरच्या नणंदेकडूनही फोनवर येतो. ‘गौरींच्या दिवशी एवढं रामायण झालं, तरी तुम्ही ते कचऱ्याचे हंडे बंद का केले नाहीत?’

आज एकदाच काय ते लिहिते. पुन्हा विचारू नका.

हंडे घरात आले २०१७ साली. त्या एप्रिलमध्ये उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि तीन आठवडे पुण्याचा कचरा पुण्यातच राहिला. आपल्या पार्किंगमधली ती पिंपं तुम्हीही पाहिलीत, त्यांचं वर्णन करत बसत नाही. मी मातीचे तीन हंडे आणले, एकावर एक बसणारे. वरच्यात रोजचा ओला कचरा टाकायचा, त्यावर मूठ-दोन मुठी पाचोळा, भरला की तो खाली सरकवायचा आणि खालचा रिकामा करून वर आणायचा. सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताक घातलं होतं. यात अवघड काही नाही.

अवघड होते ते मी. तेव्हाची मी सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी हिशेब टाकायचे. घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा म्हणजे वर्षाला १८० किलोच्या वर, गुणिले आपले फ्लॅट, वगैरे. ओला कचरा डेपोत एकावर एक दाबला जातो, हवा मिळत नाही, मिथेन तयार होतो, म्हणून आगी लागतात, वगैरे. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. पण त्या बाईशी माझं आजही पटत नाही. ती म्हणते प्रत्येक घराने एक हंडा ठेवला तर फुरसुंगीकर सुटतील. मी म्हणते, अगं, शहराचा रोजचा कचरा दोन हजार टनांच्या वर, तुझ्या दुधीच्या सालांनी कोण सुटणार? पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा जागेवरच जिरवावा, असं २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत लिहिलं होतं. ते झालं तर खरा फरक पडेल, आणि आपली सोसायटी त्या मापात बसत नाही. ती म्हणते, मग तू कशाला करतेस? इथे मी गप्प बसते. तिला उत्तर देता आलं असतं तर तुम्हालाही केव्हाच दिलं असतं.

आता गौरी. तुम्हाला जी हकीकत माहीत आहे ती मधूनच सुरू होते, म्हणून मी जरा आधीपासून सांगते.

१५ ऑगस्टच्या झेंडावंदनाआधी सोसायटीची स्वच्छता मोहीम निघाली. पार्किंगच्या कोपऱ्यात माझी पाचोळ्याची तीन पोती होती. देशी बदामाची पानं, उन्हाळ्यात वॉचमनकाकांकडून झाडून घेतलेली, वर्षभराची बेगमी. ‘बरं दिसत नाही’ म्हणून ती उचलली गेली. मला विचारलं नाही. मी बँकेतून घरी येईपर्यंत कोपरा धुऊन झाला होता आणि तिथे कुंड्यांना गेरू लावून ठेवला होता.

पाचोळा गेला तर काय एवढं, असं तुम्ही तेव्हाही म्हणालात. कुजण्यासाठी कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण पंचवीस-तीसास एक लागतं. भाज्यांच्या सालांत, देठांत नत्र जास्त आणि पाणी तर तीन-चतुर्थांशाच्या वर. कर्ब आणायचा तो वाळक्या पानांनी, आणि सालांच्या मधे हवा खेळती ठेवायची तीही पानांनीच. पानं नसली की सगळं बसकं होतं, चिकट होतं, हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि दुसरे उठतात. नासका वास असतो तो त्या दुसऱ्यांचा. श्रावण-भाद्रपदात पुण्यात कोरडं पान कुठून आणायचं? वर्तमानपत्रं फाडून घातली, अंड्यांचे ट्रे घातले. तेही दमट. गौरी-गणपतीचा स्वयंपाक म्हटला की अळूची देठं, पडवळाचा गर, केळ्यांची सालं, आणि पत्री-निर्माल्य वेगळं. त्या आठवड्यात वास येत होता का? येत होता. हे मी पहिल्यांदाच लेखी देते आहे.

आणि माश्या आल्या. घरमाशी नव्हे. काळ्या, लांबट, गांधीलमाशीचा संशय यावा अशा. त्यांना ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात. ओलं काही कुजत असलं की जवळच्या फटीत अंडी घालतात. त्यांच्या अळ्या कचरा इतक्या झपाट्याने खातात की माणसं त्यांना मुद्दाम पाळतात, कोंबड्यांना आणि माशांना खायला घालतात. मोठी झालेली माशी तर चावत नाही, डंखही मारत नाही. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून मी निर्धास्त होते. त्यांच्या स्वभावातली आणखी एक गोष्टही मी वाचली होती. अळी पूर्ण वाढली की तिचा पांढुरका रंग जाऊन ती गडद तपकिरी होते, खाणं सोडते आणि कोषात जायला कोरडी, अंधारी जागा शोधत बाहेर निघते. ओल्या पृष्ठभागावरून त्यांना उभंही चढता येतं. १५ ऑगस्ट आणि गौरी यांच्यात त्या वर्षी महिनाभर होता. वेळेचं गणित त्यांनी बरोबर जमवलं.

गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी पाऊस होता. त्या हंड्यातून बाहेर आल्या, ओल्या भिंतीवरून कठड्यापाशी गेल्या आणि पाणी जायच्या भोकातून खाली. खाली म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची ड्राय बाल्कनी. तिथे दांडीवर सोवळ्याची साडी वाळत होती आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. घरात वीस माणसं, जावा, माहेरवाशिणी. मला वरून फक्त एक किंकाळी ऐकू आली. कुणीतरी भाजलं असेल असं वाटलं.

मग बेल वाजली. दारात वहिनी. काठपदराची साडी, कपाळाला घाम, अनवाणी. हातात केर भरायची सुपली आणि तिच्यात सात-आठ अळ्या वळवळत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘हे तुमचं,’ त्या म्हणाल्या.

मी काय म्हणाले, ते सगळ्या इमारतीला पाठ आहे. मी म्हणाले, ‘वहिनी, त्या चावत नाहीत. रोगराईसुद्धा पसरवत नाहीत.’

‘गौरी जेवायच्या आहेत अजून,’ त्या म्हणाल्या, सुपली माझ्या उंबऱ्यापाशी ठेवली आणि खाली गेल्या.

माझं वाक्य खरं होतं. आजही खरं आहे. ते तेव्हा बोलायचं नव्हतं हे मला लोकांनी इतक्यांदा समजावलंय की आता मी त्यावर वाद घालत नाही. पण मग काय बोलायचं होतं, हे कुणी सांगत नाही. ‘सॉरी’ तर त्या सुपलीपुढे फारच तोकडं पडलं असतं.

मी झाकणाचा डबा घेऊन खाली गेले. ओट्याखाली, सिलिंडरच्या मागे, फ्रीजच्या पायापाशी, जिथे अंधार तिथे त्या. बोटांनी एकेक उचलली. हाताला टणक लागतात, कातडी खरबरीत असते आणि धरली की पुढचं निमुळतं टोक हलवत राहतात. वहिनींच्या सासूबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसून मला जागा दाखवत होत्या. ‘तिकडे एक. ती बघ, पाटाखाली.’ त्या एकट्याच माझ्याशी बोलल्या. बाकीच्या बायका दारात उभ्या होत्या. शेवटी ओटा धुतला, फरशी धुतली आणि पातेलंभर पुरण टाकून दिलं. पुरणात एकही अळी गेली नव्हती. झाकलेलं होतं ते. पण त्यांच्या घरच्या गौरी, त्यांचं सोवळं. मी कोण सांगणारी? डाळ पुन्हा शिजवेपर्यंत नैवेद्याला तीन वाजले.

आता तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट. ते पुरण काळ्या पिशवीत बांधलं जात असताना माझ्या मनात आलं, माझ्याकडे पाचोळा असता तर हे हंड्यात छान चाललं असतं. शरमेनं मान वर होत नव्हती, आणि तरी हे मनात आलं. ह्यांनासुद्धा मी हे सांगितलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. नोटीस लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं, ‘बाल्कनीत कचरा साठवणारे सभासद’ असं होतं. पोत्यांचा उल्लेख नव्हता. मी हंडे धुऊन पालथे घातले आणि ओला कचरा तुमच्यासारखाच सकाळी दाराबाहेर ठेवू लागले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. घर स्वच्छ होतं, सगळे खूश होते. मला मात्र सकाळचा चहा झाला की काहीतरी करायचं राहून गेल्यासारखं व्हायचं.

आता उत्तर. मला ते आवडतं.

बस, एवढंच. यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही ठाऊक आहे. पर्यावरणासाठी म्हटलं तर माना डोलावता, पैसे वाचतात म्हटलं तर पटतं, सुनेपासून लपवायचं काहीतरी खूळ म्हटलं तरी चालेल. पण कुजण्यात एका बाईला गोडी वाटते, हे काही कुणाला पचत नाही. कुणाच्या हॉलमध्ये फिशटँक असतो, त्याच्यापुढे ते तासभर बसतात. त्यांना कुणी विचारतं का?

वरचं झाकण काढलं की हाताला ऊब लागते. मोठ्या ढिगासारखी कडक नाही, अंगात कणकण असावी एवढी. आदल्या दिवशीच्या भातावर पांढरी बुरशी धरलेली असते, तिला हलवलं की ती मोडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच. कोबीची पानं आठवड्यात दिसेनाशी होतात. शेवग्याच्या शेंगांचा चोथा महिनोन्‌महिने दाद देत नाही. सफरचंदावरचं स्टिकर तर कधीच नाही. तयार खत चाळलं की चाळणीत ते तसंच, दुकानाच्या नंबरासकट. आंब्याच्या कोयी आतल्या आत अंकुर काढतात. आणि खालचा हंडा उघडला की मातीचा तो वास, पहिल्या पावसातला. तोही जिवाणूंचाच, ज्या द्रव्यामुळे येतो त्याला जिओस्मिन म्हणतात. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. तिथे मी हात काढून घेतला की काम थांबायचं. इथे मी झोपले तरी चालू असतं आणि कुणाला माझी सही लागत नाही.

खताचं करता काय, हाही प्रश्न असतोच. माझ्याकडे कुंड्या मोजक्या. एका संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून पुड्या दिल्या, त्यातली एक जिन्यात सापडली. आता रात्री जाऊन कोपऱ्यावरच्या बहाव्याच्या आळ्यात घालते.

पुन्हा सुरू केले तेव्हा हंड्यांच्या भोकांना बारीक जाळी लावली, कठड्याच्या भोकालाही. पाचोळा आता पार्किंगमध्ये नाही, दिवाणात असतो, जादा गाद्या काढून. ह्यांचं म्हणणं, आपण आता जंगलावर झोपतो. अळ्या पुन्हा येणारच नाहीत अशी खात्री मी देत नाही. माश्यांना भिंत-मजला कळत नाही.

वहिनींची बाजू मला कळते. त्यांच्या जागी मी असते तर सुपली उंबऱ्यावर ठेवली नसती, अंगावर फेकली असती. तरीही पोती उचलणाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही, हे मला खुपतंच. दोन्ही एकदम वाटतं. त्यातलं एक निवडा म्हणाल तर जमणार नाही.

वहिनी आता जिन्यात भेटल्या की बोलतात, पाण्याच्या वेळांबद्दल, गॅसच्या पाइपलाइनबद्दल. त्यांची धाकटी गेल्या महिन्यात वर आली होती. खिडकीत मिरच्या लावल्यात म्हणाली, थोडं खत मिळेल का? मी म्हटलं, आईला विचारून ये. अजून आलेली नाही.