हॉट रॉडचं अलाइनमेंट घरीच केलं, त्याची गोष्ट

इथे मिशिगनमध्ये हिवाळाभर गॅरेजात राबून १९३० च्या फोर्ड मॉडेल ए ची हॉट रॉड (जुनी गाडी बदलून केलेली वेगवान गाडी) केली. पुढे चार इंच ड्रॉपचा (म्हणजे गाडी तेवढी खाली बसवणारा) अखंड आय-बीम ॲक्सल, त्याला चौकटीशी धरणारे दोन्ही बाजूंचे वर-खाली असे चार दांडे (फोर-बार), आडवी पाट्याची स्प्रिंग. जोडणी सुरळीत झाली. छळलं ते अलाइनमेंटने, म्हणजे पुढच्या चाकांचे कोन जुळवण्याने.

ट्रेलरवर घालून गाडी दुकानात नेली. काउंटरवरच्या पोराने वर्ष आणि मॉडेल विचारलं, कॉम्प्युटरच्या यादीत शोधलं. १९३० तिथे नव्हतंच. म्हटलं, आकडे मी देतो: कॅस्टर (चाक ज्या किंगपिनभोवती वळतं, त्याचा माथा मागे किती झुकलाय) सहा अंश, टो-इन (चाकं पुढून किती आत वळलीत) १/८ इंच. नाही. यादीत नाही तर मशीनवर घेता येत नाही! दुसऱ्या दुकानाने अर्धा दिवस गाडी ठेवून घेतली, हात लावला नाही आणि तपासणीचे पैसे मात्र घेतले. वर विचारतात, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेरचा कल) कुठून ॲडजस्ट होतो? अहो, अखंड ॲक्सलला कॅम्बरचा बोल्ट नसतो. तो बदलायचा तर ॲक्सलच वाकवावा लागतो. अलाइनमेंटची पाटी लावून बसलेल्या माणसाला एवढं ठाऊक नसावं, याचा अजून संताप येतो.

मग घरीच केलं. ॲक्सलच्या टोकाला किंगपिन बसतो त्या जाड भागाच्या (बॉसच्या) सपाट माथ्यावर डिजिटल अँगल गेज ठेवलं की कॅस्टर कळतो. गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतो, तो आधी मोजून हिशेबात धरा. खालचे बार लांबवले की किंगपिनचा माथा मागे झुकतो, कॅस्टर वाढतो. पण डावी-उजवीकडे अगदी सारखे आटे फिरवा. त्याआधी पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलच्या टोकांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि कर्ण मोजा, दोन्ही सारखे यायला हवेत. ॲक्सल तिरका असेल तर पुढचं सगळं फुकट.

टो-इन शेवटी, कारण कॅस्टर हलला की तोही हलतो. चाक उचलून फिरवत टायरवर खिळ्याने बारीक रेघ ओढली, गाडी खाली घेऊन पुढे-मागे ढकलली आणि रेघांमधलं अंतर ॲक्सलच्या उंचीवर पुढून व मागून मोजलं. पुढचं १/८ इंच कमी हवं. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे रॉड जागेवरच फिरवून जमतं.

एक राहिलंच: ही सगळी मापं इंजिन बसवून, टाकी भरून, गाडी चाकांवर उभी असतानाच घ्यायची. स्टँडवर घेतलेल्या आकड्यांना अर्थ नाही.

आता हायवेवर गाडी रेघेत धावते, वळण संपलं की स्टीअरिंग स्वतःहून सरळ येतं. पहिल्या फेरीनंतर लॉकनट पुन्हा आवळा, स्प्लिट पिना तपासा.